न्यूयॉर्क एअरवेज : अनुदानावर उडालेल्या हेलिकॉप्टर कंपनीचा जमाखर्च

हिशेबनीस

न्यूयॉर्कचे तीन विमानतळ आणि मॅनहॅटन यांना हेलिकॉप्टरने जोडणारी न्यूयॉर्क एअरवेज ही कंपनी १९४९ मध्ये स्थापन झाली. ऑक्टोबर १९५२ मध्ये तिने टपाल वाहण्यास सुरुवात केली आणि जुलै १९५३ पासून ती प्रवासी घेऊ लागली. ठरलेल्या वेळापत्रकाने हेलिकॉप्टरमधून प्रवासी नेणारी अमेरिकेतील ही पहिली कंपनी. मे १९७९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. या कंपनीविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात मॅनहॅटनमधील पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरचा हेलिकॉप्टरतळ आणि १९७७ साली तेथे झालेला अपघात यांचेच वर्णन असते. मला तिच्या जमाखर्चाबद्दल लिहायचे आहे, कारण तो पाहिल्यावर ही कंपनी बुडाली कशी यापेक्षा ती इतकी वर्षे टिकली कशी, हाच प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

आधी उत्पन्नाकडे पाहू. कंपनीचा मार्ग म्हणजे ला गार्डिया, आयडलवाइल्ड (हाच पुढे केनेडी विमानतळ झाला) आणि न्यूअर्क या तीन विमानतळांमधील व शहरातील तळांमधील काही मैलांचे तुकडे. प्रवासी बहुतेक सगळे दुसऱ्या विमान कंपनीचे. लंडनहून आयडलवाइल्डला उतरलेल्या माणसाला न्यूअर्कहून पुढचे विमान पकडायचे असे, तेव्हा मध्येच दोन नद्या आणि अख्खे मॅनहॅटन आडवे येई. टॅक्सीने हे अंतर गर्दीच्या वेळी किती खाईल याचा भरवसा नसे. हेलिकॉप्टर ते काही मिनिटांत पार करी. अशा प्रवाशाचे तिकीट बहुधा मुख्य विमान प्रवासाला जोडूनच निघे आणि त्यातील हेलिकॉप्टरचा वाटा किती, हे विमान कंपन्यांशी झालेल्या करारावर ठरे. म्हणजे या कंपनीला स्वतःचे म्हणावे असे गिऱ्हाईक फारच थोडे होते. ती दुसऱ्याच्या प्रवासाची शेवटची पायरी विकत होती.

आता खर्च. सुरुवातीची सिकोर्स्की एस-५५ ही एका पिस्टन इंजिनाची, सात-आठ प्रवाशांची हेलिकॉप्टरे होती. वैमानिकाचा पगार, इंधन, विमा, तळांचे भाडे, देखभाल करणारे तंत्रज्ञ, तिकीट खिडकीवरची माणसे हा सारा बोजा त्या सात-आठ आसनांवर वाटायचा. त्या काळात सगळी आसने भरली तरी तिकिटांतून खर्च निघत नव्हता. एसटीच्या भाषेत सांगायचे, तर भारमान शंभर टक्के झाले तरी फेरी तोट्यातच. समजून घेण्यासाठी नुसता एक कल्पित आकडा घेऊ. एका फेरीचा एकूण खर्च १०० डॉलर असेल आणि गच्च भरलेल्या फेरीचे उत्पन्न ७० डॉलर असेल, तर जास्त फेऱ्या काढून काही साधत नाही. फेरीमागे निदान तीस डॉलरची तूट पडत जाते. प्रवासी वाढत होते ही गोष्ट तेव्हाच्या वृत्तान्तांत यश म्हणून सांगितली जाते. मागणी भागवण्यासाठी फेऱ्या वाढवाव्या लागल्या, की तेच यश हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला चढते.

ही तूट सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड, म्हणजे विमान कंपन्यांचे नियमन करणारे अमेरिकी सरकारी मंडळ, भरून काढत असे. लॉस एंजेलिस एअरवेज, शिकागो हेलिकॉप्टर एअरवेज आणि न्यूयॉर्क एअरवेज या तीनच कंपन्यांना हेलिकॉप्टर सेवेसाठी असे अनुदान होते. तिघींचीही सुरुवात टपालापासून झाली होती आणि हे अनुदानही आधी टपालाच्या बिलातूनच मिळत असे.

१९५८ मध्ये न्यूयॉर्क एअरवेजने दोन रोटरांची (म्हणजे फिरत्या पात्यांच्या दोन चक्रांची), पंधरा आसनांची व्हर्टोल ४४ आणली. १ जुलै १९६२ पासून पंचवीस आसनांची, दोन टर्बाइन इंजिनांची व्हर्टोल १०७ सेवेत आली. त्याच वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिसने अठ्ठावीस आसनांची सिकोर्स्की एस-६१एल वापरात आणली होती. अनुदानाच्या समर्थकांचे गणित या यंत्रांवरच उभे होते. पिस्टनचा काळ हा शिकाऊ उमेदवारीचा, टर्बाइन आल्यावर दर आसनी खर्च उतरेल आणि कंपन्या आपल्या पायांवर उभ्या राहतील, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. दर आसनी खर्च खरोखरच उतरला. परंतु मोठे यंत्र आले म्हणजे ते विकत घेण्याचे कर्ज, त्याचा घसारा आणि व्याजही आले, आणि पंचवीस आसने दिवसभर भरतील इतके प्रवासी त्या मार्गांवर नव्हते. सकाळ-संध्याकाळ गर्दी आणि दुपारी रिकाम्या खुर्च्या, ही अडचण इंजिन बदलून सुटण्यासारखी नव्हती.

काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, विरोधकांचा आक्षेप साधा होता. विमानाने फिरणारा, बहुधा कंपनीच्या खर्चाने प्रवास करणारा सुखवस्तू माणूस टॅक्सीत अडकू नये म्हणून सर्वसामान्य करदात्याने पैसे का द्यावेत? शिवाय देशातील तीनच शहरांना हा लाभ का? एप्रिल १९६५ मध्ये हे अनुदान थांबले.

माझ्या मते खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. अनुदान थांबल्यावर न्यूयॉर्क एअरवेज बंद पडली नाही. पॅन ॲम आणि टीडब्ल्यूए या दोन बड्या विमान कंपन्यांनी तिला आर्थिक आधार दिला आणि त्याच वर्षी, २१ डिसेंबर १९६५ रोजी, पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरून केनेडी विमानतळाकडे उड्डाणे सुरू झाली. अनुदान संपले असे म्हणण्यापेक्षा अनुदान देणारा बदलला, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. आधी सरकार जे भरत होते, ते आता ज्यांच्या प्रवाशांची सोय होत होती ते भरू लागले. आणि त्यांनाही ते फार दिवस परवडले नाही. गच्चीवरील सेवा १९६८ च्या सुरुवातीलाच थांबली. त्या वेळी तेथे कोणताही मोठा अपघात झालेला नव्हता. आसने पुरेशी भरत नव्हती आणि तोटा कोणी किती सोसायचा यावर एकमत होत नव्हते.

जाणकारांनी भर घालावी. खास करून देखभालीच्या खर्चाबद्दल कोणी अनुभवाने लिहिले, तर चर्चेला वजन येईल.

घाटपायथा

लेख आवडला. एक शंका आहे. हेलिकॉप्टर कंपनीला अनुदान द्यायचे होते तर ते थेट द्यायचे. त्यात टपाल खाते कोठून आले? पत्रे आणि प्रवासी यांचा हिशेब एकत्र करण्यामागे काही कारण होते, की केवळ पैसे देण्याची ती एक वाट होती?

हिशेबनीस

घाटपायथा, दोन्ही गोष्टी होत्या. १९३८ च्या सिव्हिल एरोनॉटिक्स कायद्यानुसार बोर्ड प्रत्येक विमान कंपनीचा टपालवाहतुकीचा दर ठरवत असे. तो ठरवताना टपाल वाहण्यास लागणाऱ्या खर्चाबरोबर त्या कंपनीची ‘गरज’ही लक्षात घ्यावी, असे कायदा सांगत होता. गरज म्हणजे प्रामाणिक, काटकसरी आणि कार्यक्षम व्यवस्थापन असतानाही कंपनीला जे कमी पडेल ते. देशाचे संरक्षण, व्यापार आणि टपाल या तिन्हींसाठी हवाई वाहतूक वाढावी, हा त्यामागील हेतू. त्यामुळे टपालाच्या पिशव्या थोड्या आणि टपालाचे बिल मोठे, अशी स्थिती निर्माण झाली. लॉस एंजेलिस एअरवेजने तर ऑक्टोबर १९४७ मध्ये केवळ टपालासाठीच सुरुवात केली. तिची छोटी एस-५१ हेलिकॉप्टरे टपाल इमारतीच्या गच्चीवर उतरत आणि विमानतळाहून आलेल्या पिशव्या तेथेच उतरवत. प्रवासी तिने १९५४ च्या अखेरीस घेतले.

टपाल खात्याला हे अर्थातच खटकत होते, कारण विमान कंपन्यांना पोसण्याचा खर्च त्याच्या नावावर दिसे. ऑक्टोबर १९५३ पासून दोन्ही रकमा वेगळ्या झाल्या. प्रत्यक्ष टपाल वाहण्याचे पैसे टपाल खाते देऊ लागले आणि गरजेपोटी दिलेली रक्कम बोर्ड स्वतंत्रपणे देऊ लागले. हा बदल कारकुनी वाटतो, पण हेलिकॉप्टर कंपन्यांच्या दृष्टीने तो घातक ठरला असे मी म्हणेन. तोपर्यंत टपालाच्या बिलात विरघळून गेलेले अनुदान आता दरवर्षी अंदाजपत्रकात स्वतःच्या नावाने दिसू लागले. जी रक्कम दिसते, तिच्यावरच प्रश्न विचारले जातात.

गंजरोधक

मी जुहूच्या धावपट्टीलगतच्या हँगरमध्ये बरीच वर्षे हेलिकॉप्टरांच्या देखभालीचे काम केले, समुद्रातील तेलफलाटांवर जाणाऱ्या यंत्रांचे. हिशेबनीस यांनी देखभालीबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. आमची यंत्रे एस-६१ च्या नंतरच्या पिढीची होती, पण खर्चाचे स्वरूप बदललेले नाही.

विमानात महाग वस्तू म्हणजे इंजिन. हेलिकॉप्टरमध्ये इंजिनाइतक्याच महाग आणि त्याहून अधिक जपाव्या लागणाऱ्या वस्तू म्हणजे मुख्य गिअरबॉक्स, रोटरचा हब, रोटरची पाती, शेपटाकडचा गिअरबॉक्स आणि त्यांना जोडणारा दांडा. यातील बऱ्याच भागांना आयुष्याची मर्यादा असते. भाग दिसायला नवाकोरा असला तरी ठरलेले तास भरले की तो काढून बाद करावा लागतो. अशा प्रत्येक भागाचे स्वतःचे लॉगकार्ड असते. तो भाग एका हेलिकॉप्टरमधून काढून दुसऱ्यात बसवला, की कार्डही त्याच्याबरोबर जाते. संध्याकाळी शेवटचे यंत्र उतरले, की आमच्याकडे दिवसभराचे तास आणि उतरण्यांची संख्या या कार्डांवर चढवली जात असे. कोणत्या भागाचे किती तास उरले आहेत याचा फळा भिंतीवर असे. लेखा विभागाच्या साहेबांना त्या फळ्याकडे पाहायला आवडत नसे.

येथे छोट्या फेरीचे दुखणे कळते. समुद्रात जाणारे हेलिकॉप्टर एकदा सुटले की बराच वेळ एका गतीने, एका उंचीवर चालते. शहरातील विमानतळांदरम्यान फिरणारे यंत्र त्याच एका तासात अनेक वेळा उठते, गती घेते, मंदावते, उतरते. उठताना पात्यांवर आणि गिअरबॉक्सवर भार चढतो, उतरल्यावर तो पूर्ण निघतो. हे चढणे-उतरणे धातूला नुसत्या उडण्यापेक्षा जास्त थकवते. म्हणजे ज्या मार्गाचे तिकीट सर्वांत स्वस्त ठेवावे लागते, तोच मार्ग यंत्राला सर्वांत महाग पडतो.

आता एक गोष्ट पाहा. जुलै १९६० मध्ये शिकागो हेलिकॉप्टर एअरवेजचे एस-५८ फॉरेस्ट पार्क येथे कोसळून त्यातील तेराही जण दगावले. मुख्य रोटरचे पाते थकव्याने तुटले होते. ऑगस्ट १९६८ मध्ये लॉस एंजेलिसचे एस-६१एल कॉम्प्टन येथे कोसळले, २१ जण गेले. पाते ज्या स्पिंडलवर बसते ती स्पिंडल थकव्याने तुटली होती. मे १९७७ मध्ये पॅन ॲमच्या गच्चीवर उभ्या असलेल्या एस-६१एलच्या चाकाच्या जोडणीतील भाग थकव्यानेच मोडला, यंत्र आडवे झाले आणि फिरत्या पात्यांनी गच्चीवरील चौघांचा व खाली रस्त्यावरून चालणाऱ्या एका बाईंचा बळी घेतला. एप्रिल १९७९ मध्ये न्यूअर्कला शेपटाच्या रोटरचे पाते तुटले, तेथेही मूळ कारण थकवाच. कोणी निष्काळजीपणा केला असे मी येथून म्हणू शकत नाही. पण ज्या धंद्यात तिकिटाचे पैसे पुरत नाहीत आणि यंत्र मात्र दिवसातून कित्येकदा उठते-बसते, तेथे भाग मुदतीआधी बदलण्याची चैन कोणालाच परवडत नाही, इतके नक्की.

सरोवरकाठचा

मी शिकागोजवळ राहतो, त्यामुळे येथील कंपनीबद्दल थोडे लिहितो, कारण तिचा शेवट न्यूयॉर्कपेक्षा अधिक स्पष्ट आहे.

तिचे मूळ नाव हेलिकॉप्टर एअर सर्व्हिस. १९४९ मध्ये छोट्या बेल ४७ यंत्रांनी टपाल वाहण्यापासून सुरुवात झाली, तीही टपाल इमारतीच्या गच्चीवरून. प्रवासी सेवा नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झाली. त्या वेळी शिकागोचा मुख्य विमानतळ मिडवे होता आणि ओ’हेअर वाढत होता. मोठी जेट विमाने मिडवेच्या आखूड धावपट्ट्यांवर उतरू शकत नव्हती, म्हणून ती ओ’हेअरला जात आणि बाकीची विमाने मिडवेलाच राहत. शहर एक, विमानतळ दोन आणि प्रवाशाची दोन विमाने दोन ठिकाणी. हेलिकॉप्टर कंपनीला याहून चांगली संधी मिळणे कठीण. १९६० मध्ये तिने सुमारे ३,०९,००० प्रवासी नेले.

पण विमान कंपन्यांनी आपला सगळा कारभारच ओ’हेअरला हलवायला घेतला आणि १९६२ च्या मध्यापर्यंत मिडवे ओस पडला. ज्या दोन टोकांना जोडण्यासाठी कंपनी जगत होती, त्यातील एक टोकच गेले. त्याआधी १९६० च्या अपघाताने प्रवाशांचा विश्वास डळमळलाच होता. तरीही ती आणखी तीन वर्षे अनुदानावर चालली. १९६५ मध्ये अनुदान थांबले तेव्हा न्यूयॉर्कप्रमाणे तिच्या मागे उभे राहायला कोणी नव्हते, कारण कोणत्याही मोठ्या विमान कंपनीला आता मिडवेला प्रवासी पोहोचवायचे नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने नियमित सेवा बंद केली. पुढे काही वर्षांनी पुन्हा प्रयत्न झाला, तो फार टिकला नाही.

त्यामुळे हिशेबनीस यांच्या मूळ मुद्द्याला मी एक जोड देतो. या कंपन्यांचे उत्पन्न दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून होते, एवढेच म्हणून भागणार नाही. ते दुसऱ्यांच्या गैरसोयीवर अवलंबून होते. विमानतळांची व्यवस्था सुधारली की हेलिकॉप्टरचा धंदा कमी होई.

उलटपक्षी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. चर्चा एकाच दिशेने चालली आहे म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

अनुदान देऊन सरकारला केवळ टॅक्सी टाळणारे प्रवासी मिळाले, हे मला मान्य नाही. १९५० च्या दशकात हेलिकॉप्टर नवे होते. कोरियाच्या युद्धाने त्याचा लष्करी उपयोग दाखवून दिला होता, पण ते रोज, सर्व ऋतूंत, ठरलेल्या वेळी चालवले तर काय होते, याचा अनुभव या तीन कंपन्यांइतका फार थोड्यांकडे असेल. लष्कराचे यंत्र एका दिवसात खूप उडते आणि मग उभे राहते. नागरी कंपनीचे यंत्र रोज उडते. कोणता भाग किती तासांनी झिजतो, ढग आणि धुक्यात उपकरणांच्या आधारे उडणे कसे जमवायचे, शहरात गच्चीवर उतरताना काय दक्षता घ्यावी, हे ज्ञान या अनुदानातून आले. एस-६१ आणि व्हर्टोल १०७ ही दोन्ही यंत्रे त्याच काळात अमेरिकी लष्कराने आपल्या रूपांत घेतली, हेही ध्यानात घ्यावे. तीन कंपन्यांना वर्षाला मिळून काही दशलक्ष डॉलर देऊन हे शिकता आले असेल, तर तो सौदा महाग होता असे मी म्हणणार नाही.

दुसरे असे, की रस्ते, बंदरे, विमानतळ, हवाई वाहतूक नियंत्रण हे सगळे सरकारच उभारते आणि मोठ्या विमान कंपन्यांनीही सुरुवातीला याच कायद्याखाली टपालाचे अनुदान खाल्ले होते. त्या मोठ्या झाल्या आणि त्यांचे अनुदान सुटले. हेलिकॉप्टर कंपन्यांना तेवढा वेळ दिला गेला नाही, अशीही तक्रार करता येईल.

हिशेबनीस

उलटपक्षी, आपला पहिला मुद्दा मला बराचसा पटतो. मात्र त्यातून निष्पन्न काय होते ते पाहा. अनुदानाचा हेतू यंत्राची परीक्षा हा असेल, तर ते प्रयोगाचे पैसे होते आणि प्रयोगाला मुदत हवी. प्रयोगाच्या पैशांतून नियमित धंदा उभा राहील असे कंपन्यांनी सांगितले आणि बोर्डाने ऐकले, तेथे गफलत झाली. शिवाय तूट आणि गुंतवणुकीवरील रास्त परतावा या दोन्हींच्या हिशेबाने पैसे मिळत असतील, तर खर्च कमी करण्याची घाई कोणाला असणार? कायद्यात ‘काटकसरी’ हा शब्द होता हे खरे, परंतु काटकसर तपासायची ती कंपनीनेच सादर केलेल्या आकड्यांवरून, कारण तुलनेला देशात दुसऱ्या दोनच कंपन्या.

दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. मोठ्या विमान कंपन्यांचे अनुदान सुटले, कारण त्यांची विमाने मोठी झाली तसे अंतरही वाढले. दोन इंजिनांच्या डीसी-३ विमानानंतर चार इंजिनांची विमाने आणि मग जेट आली, आणि प्रत्येक वेळी तेच विमान अधिक लांब, अधिक वेगाने जाऊन दिवसाला अधिक मैल विकू लागले. हेलिकॉप्टर पंचवीस आसनांचे झाले तरी केनेडी ते मॅनहॅटन हे अंतर तेवढेच राहिले. यंत्राच्या वाढीचा फायदा घ्यायला मार्गच नव्हता. तासाभराच्या भाड्यातील मोठा हिस्सा चढण्या-उतरण्यात, प्रवाशांची वाट पाहण्यात आणि सामान भरण्यात जाई. तेव्हा अधिक वेळ दिला असता तर काय झाले असते याचे उत्तर मला तरी आशादायक दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी जून १९६१ मध्ये सरकारी अनुदानाशिवाय सुरू झाली. तिला टर्बाइन यंत्र पहिल्या दिवसापासून होते आणि खाडी ओलांडण्याचा फायदाही होता. तरी १९७० मध्ये तिलाही दिवाळखोरीत जावे लागले.

लाटांवरचा

मग नियमित हेलिकॉप्टर सेवा कोठेच फायद्यात चालली नाही का? चालली, आणि ते उदाहरण बोलके आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पेन्झान्स ते सिली बेटे ही सेवा बीईए (ब्रिटिश युरोपियन एअरवेज) या विमान कंपनीने १९६४ मध्ये एस-६१एन यंत्रावर सुरू केली आणि ती पुढे मालक बदलत २०१२ पर्यंत चालली. हीच बीईए त्याआधी शहरे जोडण्याचा प्रयोग करून हात पोळून बसली होती. जून १९५० मध्ये सुरू केलेली लिव्हरपूल ते कार्डिफ सेवा ही जगातील पहिली नियमित प्रवासी हेलिकॉप्टर सेवा मानली जाते. तीन प्रवाशांचे एस-५१, आणि मार्च १९५१ मध्ये बंद होईपर्यंत एकूण ८१९ प्रवासी. बेल्जियमच्या साबेनाने १९५३ ते १९६६ ब्रुसेल्सहून शेजारच्या देशांतील शहरांपर्यंत हेलिकॉप्टरे चालवली, पॅरिसपर्यंतसुद्धा. तेथे तोटा मुख्य विमान कंपनीच्या पोटात जाई आणि त्या कंपनीत सरकारची मालकी होती. म्हणजे अनुदान तेथेही होते, फक्त वेगळ्या नावाने नव्हते.

सिलीत काय वेगळे होते? समोर समुद्र आणि पर्याय म्हणून अडीच-पावणेतीन तासांची, पोटात ढवळणारी बोट. हेलिकॉप्टर ते अंतर वीस मिनिटांत पार करी. बेटावर राहणारा माणूस आणि सुटीला जाणारा पर्यटक, दोघेही स्वतःच्या खिशातून पूर्ण भाडे द्यायला तयार होते. त्या लांबीच्या मार्गावर यंत्रही हवेत जास्त आणि जमिनीवर कमी राहते, हा गंजरोधक यांचा मुद्दा येथे उलट बाजूने लागू पडतो. न्यूयॉर्कच्या प्रवाशापुढे टॅक्सी, बस आणि भुयारी रेल्वे होती. टॅक्सी उशिरा पोहोचेल, पण पोहोचेल.

घाटपायथा

आपल्याकडची स्थिती यापेक्षा वेगळी आहे काय? ईशान्येकडील राज्यांत हेलिकॉप्टर सेवेला केंद्र सरकार अनुदान देते असे ऐकले आहे. छोट्या शहरांना हवाई सेवेने जोडण्याच्या ‘उडान’ योजनेतही हेलिकॉप्टरचे मार्ग आहेत. हे न्यूयॉर्कसारखेच नव्हे काय?

गंजरोधक

घाटपायथा, फरक आहे. ईशान्येकडे तिकिटांतून वसूल झालेली रक्कम वजा करून उरलेल्या खर्चाचा ७५ टक्के भाग केंद्रीय गृह मंत्रालय उचलते, बाकीचा राज्य सरकार. तेथील प्रश्न टॅक्सीत अडकण्याचा नाही. अरुणाचलात पावसाळ्यात दरड कोसळली की जिल्ह्याच्या ठिकाणाचा रस्ताच तुटतो. आजारी माणूस, परीक्षेचे पेपर, निवडणुकीची यंत्रे हे सारे हेलिकॉप्टरने जाते. ते अनुदान प्रशासनाच्या खर्चात धरले तरी चालेल आणि ते कधी ‘सुटेल’ अशी अपेक्षा कोणी करत नाही.

‘उडान’ मात्र न्यूयॉर्कच्या जवळ जाते. २०१६ च्या या योजनेत ठरावीक आसनांचे भाडे मर्यादेत ठेवायचे, तूट भरून द्यायची आणि ही मदत तीन वर्षांपुरती असे सूत्र आहे. त्यासाठीचा निधी मोठ्या मार्गांवरील विमानांवर आकार लावून उभा केला जातो. म्हणजे १९६५ नंतर पॅन ॲम जे राजीखुशीने देत होती, तेच येथे सर्व विमान कंपन्यांकडून कायद्याने घेतले जाते.

आणि तिसरा प्रकार आमचा. पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीची स्थापना १९८५ मध्ये झाली ती मुख्यतः ओएनजीसीची माणसे मुंबई हायच्या फलाटांवर पोहोचवण्यासाठी. तेथे तिकीट नावाची गोष्टच नाही. यंत्र ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलेले असते, महिन्याचे ठरलेले भाडे आणि त्यावर उडालेल्या तासांचे पैसे. आसन रिकामे गेले तर ती ओएनजीसीची डोकेदुखी. आमच्या हँगरमध्ये भाग मुदतीत बदलले जात, कारण त्याचे पैसे कोणाकडून येणार हे आधीच ठरलेले असे.

उलटपक्षी

गंजरोधक यांचे शेवटचे वाक्य मूळ प्रश्नाकडे नेते. १९६८ मध्ये गच्चीवरील सेवा थांबल्यावर न्यूयॉर्क एअरवेजचे पैसे कोठून येणार हे ठरलेले नव्हते, तरी ती आणखी अकरा वर्षे चालली. मग १९७७ ला पुन्हा त्याच गच्चीवर जाण्याचे धाडस तिने का केले? जी गोष्ट एकदा परवडली नाही, ती दुसऱ्यांदा परवडेल असे मानण्यास आधार काय होता?

हिशेबनीस

आधार माझ्या समजुतीप्रमाणे असा. मधल्या काळात तिने व्हर्टोल सोडून एस-६१ घेतली होती. तळ कमी केले होते आणि विमानतळांमधील प्रवाशांवर भर दिला होता. हा धंदा चालू राही, पण जेमतेम. मॅनहॅटनमधील तिचा वॉल स्ट्रीटजवळचा तळ नदीकाठी दक्षिण टोकाला आहे. व्यापारी कंपन्यांची मुख्य कार्यालये आणि हॉटेले मात्र शहराच्या मध्यभागी, ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या आसपास. तेथून थेट केनेडी विमानतळावर सुमारे दहा मिनिटांत पोहोचण्यासाठी जादा भाडे देऊ शकणारा प्रवासी हवा असेल, तर त्या गच्चीला पर्याय नव्हता. म्हणजे शेवटी कंपनी पुन्हा त्याच गिऱ्हाइकाकडे गेली, ज्याच्यासाठी करदात्याने पैसे देऊ नयेत असे काँग्रेस १९६५ मध्ये म्हणाली होती. फरक एवढाच, की या वेळी त्याच्याकडून पूर्ण किंमत वसूल होईल अशी तिची आशा होती. फेब्रुवारी १९७७ मध्ये सेवा सुरू झाली आणि १६ मे रोजी तो अपघात झाला. गच्ची कायमची बंद झाली.

त्यानंतरची दोन वर्षे कंपनीच्या उत्पन्नात मॅनहॅटनच्या मध्यभागाचा प्रवासी नव्हता आणि अपघाताचे दावे डोक्यावर होते. १८ एप्रिल १९७९ रोजी न्यूअर्कला दुसरा अपघात होऊन तीन प्रवासी दगावले. यंत्रे जमिनीवर उभी राहिली. उभ्या यंत्राचेही कर्ज, विमा, पगार आणि तळाचे भाडे चालूच असते, आणि १९६५ पूर्वी असे महिने निभावून नेण्यासाठी जे बोर्ड होते, ते आता या हिशेबात नव्हते. पुढच्या महिन्यात अर्ज दाखल झाला.